यंदाचं पोरगं

आमचे दाजी दर ऑगस्टला एक पोरगं दत्तक घेतात. कागदोपत्री काही नसतं. पोराला पत्ता नसतो, त्याच्या आईबापांना नसतो, आणि आमच्या अक्काने तर विचारणंच सोडून दिलंय. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं असतं. बहुतेक वेळा इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमध्ये, नाहीतर जर्मनी-हॉलंडच्या दुसऱ्या लीगमध्ये खेळत असतं. पाठीवर तिशी-चाळिशीतला कुठलातरी उरलेला नंबर असतो, आणि दाजींच्या मते पाच वर्षांत ते जग हलवणार असतं. फोन येतो, "पाव्हणं, यंदाचं पोरगं सापडलं. लिहून ठेवा."

दाजी मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठापेठांचे सामने बघत वाढले, त्यामुळे ज्या फुटबॉलमध्ये भांडण नाही त्याला ते व्यायाम म्हणतात. पेशाने भूलतज्ज्ञ. दिवसभर इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात लोकांना झोपवतात आणि घरी आल्यावर फुटबॉलवर बोलून उरलेल्यांना. हल्ली मुक्काम लँकेशरमध्ये, ब्लॅकबर्नच्या आसपास. फुटबॉलचं वेड आहे म्हटल्यावर लोक विचारतात, मँचेस्टर युनायटेड की सिटी? त्या प्रश्नावर दाजींचा चेहरा कुणीतरी पांढऱ्या रश्श्यात साखर मागितल्यासारखा होतो. "प्रीमियर लीगमध्ये बघायचं काय? तिथं सगळ्यांना सगळं माहीतच असतंय."

चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडचा दुसरा वर्ग. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. शनिवारी खेळून दमलेली पोरं मंगळवारी रात्री भर पावसात पुन्हा खेळतात. वर जायला तीन जागा, खाली घसरायलाही तीनच. मैदानावर वरून घसरलेले तिशीतले गडी असतात, वर कधीच न गेलेले तिशीतले गडी असतात, आणि या दोघांच्या कोपरांमधून वाट काढणारं एखादं मिसरूड न फुटलेलं पोरगं असतं. गड्यांकडे दाजी ढुंकूनही बघत नाहीत.

दत्तकविधानाचे नियम कडक आहेत. वय एकविशीच्या आत हवं. लोकांनी "बरा खेळतो" म्हटलेलं चालतं, "ग्रेट आहे" म्हटलं की पोरगं बाद. आणि मुख्य म्हणजे चेंडू पायात येण्याआधी पोराने मान वळवून मागे बघितलं पाहिजे. "गोल कोण बी मारतंय. मान बघा, मान!" ऑपरेशन चालू असताना सर्जन पोटात बघतो आणि दाजी पडद्यावरच्या रेघांकडे, तीच सवय मैदानात. ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या मैदानावर, इवुड पार्कवर, एकदा त्यांच्या शेजारी बसलो होतो. रोव्हर्सचा गोल झाला. आमच्या रांगेतल्या ऐंशीच्या घरातल्या आजीसुद्धा उभ्या राहिल्या, पुढच्या माणसाच्या पेल्यातलं गरम बोव्हरिल माझ्या बुटावर सांडलं. दाजी खुर्चीला चिकटलेले, दुर्बीण मैदानाच्या भलत्याच टोकाला.

"दाजी, गोल!"

"कुणाचा?"

"आपला!"

"बरं झालं. पोरानं आत्ता अकरा वेळा मागं बघितलं. जरा लक्षात ठेवा, पेन सापडेना."

पेन लागतं ते चोपडीसाठी. लाल कापडी बांधणीची हिशेबाची चोपडी, खास कोल्हापुरातून मागवलेली, पहिल्या पानावर 'श्री'. एका पोराला एक पान. अक्षर डॉक्टरी, तरी मला लागलेल्या काही नोंदी अशा: 'डावा पाय उत्तम. उजवा उभं राहण्यापुरता.' 'रागावत नाही. चिंताजनक.' 'हेडर मारताना डोळे मिटतो. मीही मिटले असते.' 'आई मैदानात येऊन ओरडते. चांगलं लक्षण.'

आता ब्लॅकबर्न रोव्हर्स म्हणजे दाजींचा घरचा क्लब, आणि तेच त्यांचं दुखणं. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजने विकत घेतला, म्हणजे पुण्याने. मे २०१२ मध्ये क्लब खालच्या वर्गात घसरला, आणि ज्या सामन्यात घसरला त्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. दाजी त्या भागात राहायला गेले ते नंतर, पण रोव्हर्स हरायला लागले की आसपासचे गोरे म्हातारे अजून त्यांच्याकडे वळून विचारतात, "तुमच्या लोकांचं चाललंय काय?" दाजी शांतपणे सांगतात, "ते पुण्याचे. मी कोल्हापूरचा." म्हाताऱ्यांना फरक कळत नाही. मग दाजी शेजारच्या वैऱ्याचं नाव घेतात, ते बर्नली, मी ब्लॅकबर्न. ताबडतोब कळतो.

हे वेड इंग्लंडात जडलेलं नाही. मेडिकलच्या होस्टेलवर कुणाच्यातरी कम्प्युटरवर 'चॅम्पियनशिप मॅनेजर' नावाचा खेळ होता. त्यात तुम्ही क्लबचे मॅनेजर. पोरं विकत घ्यायची, खेळवायची. त्या खेळात डर्बी काउंटीचा टोंटन झोला मुकोको आणि मिलवॉलचा चेर्नो सांबा ही दोन पोरं म्हणजे साक्षात परब्रह्म. स्वस्तात मिळायची आणि दोन-तीन हंगामांत जगज्जेती व्हायची. दाजींनी त्यांच्या जोरावर रात्री जागून युरोपातले सगळे कप जिंकले आणि फार्माकॉलॉजीत गचके खाल्ले. खऱ्या जगात मुकोको डर्बीच्या मुख्य संघाकडून एकदाही उतरला नाही, आणि सांबा मिलवॉलच्या. दाजींना हे कोण सांगणार? इंग्लंडात नोकरीला आल्यावर कुणीतरी विचारलं, इथे ओळखीचं कुणी आहे का? तर म्हणे, "मिलवॉलमध्ये एक पोरगा आहे."

पण चोपडीतलं एक पान आम्ही सणासुदीलाच उघडतो. हंगाम २०१२-१३. दाजी तेव्हा लेस्टरला नोकरीत होते आणि लेस्टर सिटी चॅम्पियनशिपमध्ये. यंदाचं पोरगं होतं आंतोनी नोकार्ट, फ्रान्सच्या दुसऱ्या लीगमधल्या गँगाँकडून आलेला. डावा पाय जादूचा, चेहऱ्यावर सगळं दिसणारा. पानभर कौतुक, मागे पुरवणी. १२ मे २०१३ रोजी, वर जायच्या तिसऱ्या जागेसाठीच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना वॉटफर्डच्या मैदानावर. दोन्ही सामन्यांचे गोल धरून बरोबरी. नव्वद मिनिटं कधीच संपलेली, भरपाईचा वेळही सरत आलेला, आणि नोकार्ट पडला. पेनल्टी. घ्यायला नोकार्टच पुढे. लेस्टरच्या प्रेक्षकांत एकच माणूस मांडीवर चोपडी उघडून बसलेला.

नोकार्टने मारला, गोलकीपर अल्मुनियाने पायाने अडवला. परत आलेला चेंडू नोकार्टने पुन्हा मारला, अल्मुनियाने पुन्हा अडवला. तिथून तो चेंडू जो निघाला तो दोन-तीन पायांतून आणि एका डोक्यावरून थेट दुसऱ्या टोकाला, आणि ट्रॉय डीनीने तो जाळ्यात घातला. अर्ध्या मिनिटात स्वर्ग गेला आणि वॉटफर्डचे लोक मैदानात घुसले. त्या पानावर शेवटची ओळ आहे: 'पोरगं रडतंय. मीही.'

इथवर ठीक होतं. दुर्दैव असं की दाजींचा स्वभाव व्यवस्थित, त्यामुळे त्याच पानाच्या समासात त्या दिवशी लेस्टरच्या राखीव बाकावर बसलेल्यांच्याही नोंदी आहेत. एक: 'उंच, संथ. टॉटनमकडून उसना. परत करावा.' दुसरी: 'वय २६. नुसता पळतो.' पहिला हॅरी केन. पुढे इंग्लंडकडून आजवर सर्वाधिक गोल मारणारा तोच. दुसरा जेमी वार्डी, ज्याच्या नुसत्या पळण्यावर तीन वर्षांनी लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. हे पान अक्का पाहुण्यांना वाचून दाखवते. दाजींचा बचाव तयार असतो: "बाकावर बसलेल्याची मान कशी बघायची?" आणि लगेच पुरवणी, की नोकार्टला २०१६-१७ मध्ये ब्रायटनकडून खेळताना चॅम्पियनशिपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. ठरवलं होतं हे खरं आहे. ऐकायला तेव्हा पाहुणे नसतात, जेवायला बसलेले असतात.

एकदा मात्र दाजींचा शब्द खरा झाला, आणि तोही सगळं जग हसत असताना. ज्यूड बेलिंगहॅम सोळाव्या वर्षी बर्मिंगहॅम सिटीकडून खेळायला लागला. एकच हंगाम खेळला, २०२० च्या उन्हाळ्यात डॉर्टमुंडला गेला, आणि बर्मिंगहॅमने जाहीर केलं की त्याचा २२ नंबर आता कुणालाही मिळणार नाही. सतरा वर्षांच्या पोरासाठी जर्सी निवृत्त! इंग्लंडभर खिल्ली उडाली. दाजींनी त्याच रात्री चोपडीतलं बाविसावं पान कायमचं कोरं सोडलं. तीन वर्षांनी रेआल माद्रिदने त्याच पोरासाठी १० कोटींवर युरो मोजले. मी अभिनंदनाचा फोन केला तर म्हणाले, "आता काय, आता कोण बी बघेल." रेआलचा एकही सामना त्यांनी त्या वर्षी पाहिला नाही. मोठं झालेलं पोरगं त्यांना बघवत नाही. कौतुकाची रांग लागली की दाजी रांगेतून बाहेर पडतात.

त्यांच्या या अभ्यासाचा त्रास मुख्यतः महाराष्ट्र मंडळाला होतो. गणपतीत एका नवीन आलेल्या जोडप्याने सहज विचारलं, "डॉक्टर, लोन घ्यायचं तर आत्ता घ्यावं का?" दाजींनी ताट खाली ठेवलं. मोठे क्लब पोरं गोळा करतात, त्यांना खेळवायला जागा नसते, मग खालच्या क्लबांना उसनी देतात, पगाराचा वाटा ज्याचा त्याने ठरवायचा, हे सगळं त्यांनी मोदक निवेपर्यंत समजावलं. लुकास पियाझोन २०१२ साली चेल्सीत आला, नऊ वर्षं चेल्सीचा म्हणवला, त्या काळात सात क्लबांत उसना फिरला आणि चेल्सीकडून एकूण सामने खेळला तीन. २०२२ पासून फिफाने एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या उसनवारीवर मर्यादा आणली. आधी एका क्लबाला आठ, २०२४ पासून सहाच. पण २१ वर्षांपर्यंतची पोरं आणि क्लबाने स्वतः वाढवलेली पोरं त्यातून वगळली. "म्हणजे आपल्या कामाच्या पोरांना धक्का नाही!" जोडपं घराच्या कर्जाचा विषय काढून बसलं होतं. त्यांनी पुढे घर भाड्यानेच ठेवलं असं ऐकलं.

सोमवारी रात्री हॉलंड. तिथल्या दुसऱ्या लीगमध्ये आयाक्स, पीएसव्ही अशा बड्या क्लबांचे पोरासोरांचे संघ खेळतात, आणि त्यांनी काही केलं तरी त्यांना वर चढता येत नाही. २०१८ मध्ये आयाक्सच्या पोरांनी ती लीगच जिंकली. वर गेला दुसरा आलेला फॉर्तुना सिटार्ड. दाजींना ही व्यवस्था फार पसंत आहे, कारण पोरं जिंकूनही नजरेआड जात नाहीत. त्या लीगला स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या एका कंपनीचं नाव आहे. अक्काला गेली कित्येक वर्षं ओटा बदलून हवाय. एका सोमवारी तिने बघितलं, तर नवरा लॅपटॉपवर स्वयंपाकघरांच्या जाहिरातीकडे टक लावून बसलेला. ती हळूच मागे फिरली आणि दोन दिवस टाइल्स निवडत होती.

एल्फर्सबर्गचं मात्र ती अजून विसरलेली नाही. लग्नाच्या वाढदिवसाला दाजी म्हणाले, जर्मनीत फ्रान्सच्या हद्दीजवळ एक छोटंसं गाव आहे, जाऊ या. तिने नवीन कोट घेतला. गाव खरोखरच छोटंसं, वस्ती जेमतेम तेरा हजारांची, आणि तिथला क्लब २०२३ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बुंडेसलिगात पोहोचलेला. तिथे बायर्न म्युनिककडून पॉल वानर उसना आलेला. सोळा वर्षं आणि पंधरा दिवसांचा असताना बायर्नने त्याला बुंडेसलिगात उतरवलं होतं, म्हणजे नियमाने पोरगं केव्हाच बाद. पण उसन्या पोरांना दाजी एक संधी देतात. मैदानाला डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या औषध कंपनीचं नाव आहे. "ते थेंब मलाच लागले," असं अक्का म्हणते. तरी गाडीतून परत येताना तिने विचारलंच, "ते केसाळ पोर सारखं मागे वळून काय बघत होतं हो?" दाजी त्या रात्री झोपले नाहीत. संसार सुफळ झाला म्हणत होते.

एकच पान आहे ज्यावर विनोद चालत नाही. २००९ साली क्वीन्स पार्क रेंजर्सने सुनील छेत्रीशी करार केला होता. क्लब तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये. छेत्री पंचविशीतला, नियमात बसत नव्हता; दाजींनी नियम फाडून पान सुरू केलं. भारताचा संघ फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून इंग्लंडने त्याला कामाचा परवाना नाकारला. "मला दिला की परवाना," दाजी म्हणतात, "मी कितव्या नंबरचा भूलवाला आहे ते कुणी विचारलं होतं काय?"

असो. आता माझ्यावरच्या आळाबद्दल.

मी राहतो क्रॉयडनला. कामाच्या सोयीचं म्हणून घर घेतलं, बाकी त्यात काही नाही. पण क्रॉयडनमध्येच सेलहर्स्ट पार्क, म्हणजे क्रिस्टल पॅलेसचं मैदान. २०२० च्या ऑगस्टमध्ये पॅलेसने क्वीन्स पार्क रेंजर्सचा एबेरेची एझे उचलला. त्याचं पान दाजींनी मला आदल्या हिवाळ्यात वाचून दाखवलं होतं. काही बोलले नाहीत. २०२१ च्या जुलैत पॅलेसने रेडिंगचा मायकेल ओलिसे घेतला. करारातल्या एका कलमामुळे सुमारे ८० लाख पौंडांत, म्हणजे त्या बाजारात मातीमोल. हेही पान मी ऐकलेलं. त्याच महिन्यात चेल्सीचा मार्क गेही, जो स्वॉन्झीकडून चॅम्पियनशिपमध्ये उसना खेळत असल्यापासून चोपडीत होता. फोन आला. "पाव्हणं, क्रॉयडनला घर घेताना कुणाच्या ओळखीनं घेतलं होतं?"

मी हसलो. हसायला नको होतं.

मग ॲडम वॉर्टन. जन्म ब्लॅकबर्नचा, लहानपणापासून रोव्हर्समध्ये वाढलेला, डावखुरा, आणि मान तर अशी की दाजींनी त्याला दोन पानं दिली. हे पोरगं कुणाला सांगायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. २०२३ च्या नाताळात मी गेलो असताना त्यांना राहवलं नाही. गॅरेजमध्ये नेऊन, दार लावून, त्यांनी मला नाव सांगितलं. १ फेब्रुवारी २०२४, खरेदीविक्रीचा शेवटचा दिवस. वॉर्टनला पॅलेसने नेलं, पहिला हप्ता १ कोटी ८० लाख पौंड, विसावं लागायला पाच दिवस बाकी. रात्री अकराला फोन.

"सेलहर्स्ट पार्कात तुमचं कोण आहे?"

"दाजी, कोणी नाही."

"गॅरेजात आपण दोघंच होतो."

मी म्हटलं, पॅलेसकडे पगारी माणसं असतात, आठवड्याला दहा दहा सामने बघतात, दुसऱ्या वर्गातून स्वस्तात घ्यायचं हे त्यांचं ठरलेलं धोरणच आहे. दाजी म्हणाले, "हां, धोरण आहे म्हणजे तुम्हाला माहीत आहे." १७ मे २०२५ ला पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा मान. गोल एझेचा, मैदानात गेही आणि वॉर्टन. मला वाटलं आता तरी माणूस विरघळेल. निरोप आला: 'तीन पोरं माझी. दलाली तुमची. कप त्यांचा.'

त्यानंतरच्या ऑगस्टात मी त्यांच्याकडे गेलो, तर चोपडी अक्काच्या दागिन्यांबरोबर कुलपात. यंदाचं पोरगं आहे एवढं कळत होतं, कारण दाजी खुशीत होते. पण जेवताना नुसतं "ते आपलं खालच्या मजल्यावरचं" असं म्हणायचे आणि अक्का मान डोलवायची. मी खोलीत शिरलो की टीव्हीवर बागकाम. शनिवारी दुपारी एकटेच बाहेर पडले. कुठे विचारलं तर म्हणाले, दाढी करायला. दाढी सकाळी केलेली होती.

त्या संध्याकाळी भाचा माझ्या खोलीत आला. वय पंधरा, स्वतः क्रिकेट खेळतो, बापाच्या फुटबॉलकडे शेजाऱ्याच्या भांडणाइतपतच लक्ष. दार लोटून म्हणाला, "मामा, नाव पाहिजे? वीस पौंड."

"दहा."

"दहा?" तो माझ्याकडे बघत राहिला. "मग पॅलेसवाले तुला देतात तरी किती?"